गट सहा : अकुशल

पासपोर्टाच्या कचेरीत यमनाप्पा विटकरांची दहाही बोटं काचेवर ठेवून झाली, पुसून ठेवून झाली, लिंबानं चोळून ठेवून झाली. यंत्र काही केल्या ठसा घेईना. एकसष्ट वर्षांतली पंचेचाळीस वर्षं काळा फत्तर फोडलेल्या माणसाच्या बोटांवर रेषा राहतात कुठल्या? खिडकीतला कारकून वैतागून म्हणाला, "काका, तुमच्या हातांना ओळखच नाहीये."

"हातास्नी हाय की," यमनाप्पा म्हणाले, "तुमच्या यंत्राला न्हाई."

शेवटी डोळ्यांच्या बाहुल्यांवर भागलं, तातडीचे पासपोर्ट त्याच दिवशी मिळाले. आणि जत तालुक्यातल्या वडारांच्या सहा जणांच्या टोळीनं जन्मात पहिल्यांदा विमानात पाय ठेवला.

त्या नोव्हेंबरात आर्मेनियाच्या डोंगरात भूकंप झाला होता. फोनवर चित्रं आली तेव्हा सगळं जग रडलं, पण टोळीतल्या दुर्गाप्पानं चित्र बोटांनी मोठं करून पाहिलं आणि तो म्हणाला, "आरं, ही तर दगडाची घरं हायती. सिमेंट न्हाईच. हितं क्रेनवाला काय उपटणार?" टोळीनं ठरवलं, जायचं. यमनाप्पांची मुलगी अंबिका मदतपथकात होती, तिनं नावं घालायची. तिनं बापाला वगळून पाच नावं घालायची तयारी दाखवली. दुर्गाप्पा म्हणाला, "मेस्त्री न्हाई तर टोळी न्हाई."

अंबिकाला मेस्त्री नको होता. म्हणजे बाप हवा होता, पण जतला, घरात, उन्हाला पाठ देऊन बसलेला. गेल्या वर्षी मिरजेच्या डॉक्टरनं यमनाप्पांच्या छातीचा फोटो तिला उजेडात धरून दाखवला होता. फुफ्फुसात दगडाची धूळ बसून पांढरे ठिपके झाले होते. "आता एक दिवससुद्धा धुळीत नको," डॉक्टर म्हणाला होता. ही गोष्ट यमनाप्पांना माहीत होती, आणि ती माहीत नसल्यासारखं वागायचं हे त्यांनी ठरवलेलं होतं.

तेव्हा अंबिकानं दोन लबाड्या केल्या. फॉर्मवर तब्येतीचा रकाना तिनं कोरा ठेवला, कारण खरं लिहिलं असतं तर बापाला विमानात कुणी घेतलं नसतं आणि टोळी तिथंच मोडली असती. आणि कामाच्या रकान्यात, जिथं अख्ख्या टोळीला मिळून एकच खूण करायची होती, तिथं तिनं लिहिलं, अकुशल. म्हणजे यांना पाण्याचे कॅन वाहायला लावतील, रस्त्यावरचा राडारोडा उचलायला लावतील, आणि आप्पा धुळीपासून लांब राहतील.

हा शब्द तिला शोधावा लागला नाही. शाळेच्या दाखल्यापासून रेशनकार्डापर्यंत बापाच्या नावापुढं तिनं तोच वाचलेला होता. ज्या माणसानं डोंगर फोडून जिल्ह्यातल्या निम्म्या विहिरी बांधल्या तो अकुशल, आणि त्या विहिरीच्या उद्घाटनाला फीत कापणारा कुशल! ज्यानं हा शब्द काढला त्याच्या हातात एकदा पहार द्यायला पाहिजे आणि म्हणायला पाहिजे, हं, दाखव. अंबिकाला हे सगळं कळत होतं. तरी तिनं तोच शब्द लिहिला, मायेनं लिहिला. तो बापाला झाकेल असं तिला वाटलं.

*

आता मदतपथकाच्या यंत्राचं सांगायला पाहिजे, कारण अंबिका त्या यंत्रावर काम करायची.

हरभऱ्याएवढे मणी असतात. ढिगाऱ्याच्या फटींतून ते हजारोंनी ओतायचे. घरंगळत, सांदीकोपऱ्यांतून ते आत जातात आणि जिथं अडकतात तिथून कामाला लागतात. श्वासातून बाहेर पडणारा वायू हुंगायचा, अंगाची ऊब ओळखायची, छातीचे ठोके ऐकायचे. दगडातून रेडिओच्या लहरी नीट जात नाहीत, म्हणून हे मणी बारीक थरथरीनं एकमेकांना निरोप देतात. दगडच त्यांची तार होतो. वर बसलेलं यंत्र त्यावरून तीन गोष्टी काढतं. आतला माणूस अजून किती तास टिकेल. त्याच्यापर्यंत पोचायला किती तास लागतील. आणि वाटेत ढीग कोसळण्याचा धोका किती. या तिन्हींचा मिळून एक आकडा निघतो, शंभरातला. त्याला म्हणतात आशांक. पस्तिसाच्या वर आशांक असेल तिथं हात पाठवायचे. खाली असेल तिथं नाही, कारण तेच हात दुसरीकडं जास्त जीव काढतील.

ऐकायला निर्दय वाटतं. पण पूर्वी काय व्हायचं ते आठवा. जिथं रस्ता चांगला तिथं पहिली कुदळ पडायची, जिथं कॅमेरा तिथं दुसरी, आणि ज्याचा मेव्हणा कलेक्टर कचेरीत त्याच्या दारात तिसरी. आशांकाला मेव्हणा नव्हता. यंत्र आल्यापासून तिपटीनं माणसं जिवंत निघत होती. अंबिकाचा त्याच्यावर विश्वास होता, आणि तो खोटा नव्हता.

फक्त पोचायला किती तास लागतील हे ठरवताना यंत्र विचारायचं, खोदणार कोण? आणि ते त्याला माणसंच सांगायची.

*

आर्मेनियात पोचल्यावर पहिले तीन दिवस टोळीनं पाणी वाहिलं.

"रेड्याला बी एवढं पानी दावत न्हाईत," दुर्गाप्पा करवादला. "अंबे, तुज्या सायबाला सांग की, आम्ही दगडाची मानसं हाय."

"सांगते, काका."

"काल बी सांगते म्हनलीस."

पथकप्रमुख सावंत भले होते, पण त्यांच्यापुढं चाळीस गट होते आणि ते यादी वाचून कामं वाटायचे. यादीत जे होतं ते अंबिकानं घातलेलं होतं.

पाण्याच्या वाटेवर एक गुलाबी ढीग होता. तिथले दगड गुलाबीच; ज्वालामुखीची राख साठून, दबून झालेले. यमनाप्पांनी पहिल्या दिवशीच एक तुकडा हातात घेऊन तोलला, नखानं खरवडला, सुतकीनं, हातातल्या लहान घणानं, दोनदा ठोकून कानाशी धरला. "आपल्या फत्तराचा धाकटा भाऊ हाय," ते म्हणाले. "हलका हाय, फुगलेल्या भाकरीवानी. पर आयकतो."

त्या ढिगाशेजारी हास्मिक नावाची पन्नाशीची बाई बसून असायची. ढिगाखाली तिची आई होती, सिरानुश, वय एकाहत्तर. घराच्या मागं जमिनीत खोल तंदुरासारखी भट्टी असलेली खोली होती, म्हातारी तिथं पोळ्या भाजत होती तेव्हा जमीन हलली. मण्यांना तिचे ठोके ऐकू येत होते. आकडा चौदा होता. हास्मिकच्या फोनवर तो दिसायचा, सगळ्यांच्याच फोनवर दिसायचा. ती कुणाशी भांडली नाही. चौदा म्हणजे काय हे तिला समजावून सांगितलं होतं आणि तिला ते समजलं होतं. ती नुसती बसायची, आणि यमनाप्पा कॅन घेऊन आले की त्यांना वाळवलेली जर्दाळू द्यायची.

यमनाप्पा ती खिशात न टाकता तिथंच तिच्या शेजारी बसून खायचे. कानातलं दुभाषी यंत्र घालायचं त्यांना जमत नसे, कान खाजतो म्हणायचे. तरी दोघं बोलायची. ती तिच्या भाषेत, ते जतच्या. ती त्यांना 'यमनाप्पा जान' म्हणायची. तिकडं मायेच्या माणसाच्या नावापुढं लावतात तसं. ते तिला बाय म्हणायचे. एकदा अंबिकानं पाहिलं, आप्पा ढिगावर पालथे पडून दगडाला कान लावून आहेत आणि बाई त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसली आहे.

चौथ्या दिवशी सकाळी ते अंबिकाच्या तंबूत आले.

"अंबे, चौदा कसं गं?"

"काय चौदा?"

"त्या बायच्या आईचं. म्हातारी चांगली दम धरून हाय. मग चौदा कसं?"

अंबिकानं यंत्राचा पडदा त्यांच्याकडं वळवला नाही. "ती अजून बावीस तास टिकेल, आप्पा. आणि पोचायला एकतीस तास लागतात. मधेच काही चमत्कार झाला तरच. म्हणून चौदा."

"एकतीस तास?" यमनाप्पांना खरंच हसू आलं. "कोन खोदनार हाय, तलाठी? आगं, वरची चार दगडी पाती उलट्या अंगानं, मागच्या बाजूनं, काढली की खालचं सगळं मोकळं हाय. म्या ऐकलंय. दहा, लई तर अकरा तास."

"यंत्र गटाचा वेग धरतं. अकुशल गट असला तर प्रत्येक दगडाला इंजिनिअर येऊन टेकू लावून देईपर्यंत थांबायचं असतं. म्हणून..."

ती थांबली, पण उशीर झाला होता. यमनाप्पांनी स्वतःच पडदा वळवला. त्यांच्या पन्नाशीत अंबिकानंच त्यांना वाचायला शिकवलं होतं. बोट ठेवून ते सावकाश वाचत गेले. गट सहा. जत. माणसं सहा. मग बोट पुढं सरकलं आणि तिथंच राहिलं.

"ह्ये कुनी भरलं?"

"मी."

बाहेर दुर्गाप्पा कुणाला तरी दम देत होता तेवढाच आवाज.

"सावंतानं लिवलं असतं तर मला काय न्हाई," यमनाप्पा म्हणाले. "जल्मभर लिवतातच. तू लिवलंस व्हय?"

"तुमच्या छातीसाठी लिहिलं, आप्पा. तुम्हाला धुळीत जाऊ द्यायचं नव्हतं. दुसरा रस्ताच सापडला नाही मला."

ते खुर्चीवर बसले. रागावतील असं तिला वाटत होतं. रागावले असते तर सोपं गेलं असतं.

"येडी हाईस," ते म्हणाले. "तुज्या आईनं बी असंच केलं हुतं. मला ताप हुता म्हनून घन लपवला. म्या गावभर हुडकत फिरलो, ताप वाढला." मग पडद्याकडं बोट करून, "नीट कर त्ये."

"नीट केलं तर काय होईल ऐका आधी. यंत्र तुम्हाला सोडणार नाही. कुशल टोळी म्हटल्यावर एका ढिगावरून दुसऱ्यावर पाठवत राहील, कारण हिशेबानं तेच बरोबर आहे. माणूस दमतो हे त्याला माहीत आहे. दमल्यावर तुम्ही उठणार नाही हे त्याला माहीत नाही. तब्येतीचा रकाना मी कोरा ठेवलाय."

"लई रकाने कोरे ठेवलेस की गं तू."

ती हसली आणि त्याच हसण्यात रडली. यमनाप्पांनी तिच्या डोक्यावर तो ठसा नसलेला हात ठेवला, जड आणि खरखरीत.

"श्वास माजा हाय, अंबे. मोजायचा तर मोज. लपवू नगंस."

*

पण नुसतं शब्द बदलून यंत्र ऐकत नाही. मोजलेला वेग लागतो. सावंतांना बोलावलं. अंबिकानं त्यांना सगळं सांगितलं, लबाडीसकट. सावंत म्हणाले, "यावर नंतर बोलू. आधी मोजू."

रस्त्याकडेला पडलेल्या भिंतीचा एक तुकडा होता, म्हशीएवढा. यंत्राच्या हिशेबानं तो म्हणजे अकुशल गटाचं तीन तासांचं काम. यमनाप्पांनी तोंडाला धूळ अडवायची जाळी बांधली, तुकड्याभोवती एक फेरी मारली, बाटलीतलं पाणी त्याच्या पाठीवर ओतलं आणि ते कुठल्या फटीत मुरतंय ते पाहिलं. पाच ठिकाणी खडूनं रेघा ओढल्या. दुर्गाप्पानं पाचरी बसवल्या. मग घण पडले, एकापाठोपाठ एक, मधे हुंकार. चोपन्न मिनिटांत म्हशीचे अकरा तुकडे झाले, प्रत्येक दोघांनी उचलण्याजोगा, आणि शेजारची अर्धवट उभी भिंत केसभर हलली नाही.

सावंतांनी घड्याळ बंद केलं. "विटकरकाका," ते म्हणाले, "तीन दिवस मी तुम्हाला पाणी वाहायला लावलं."

"पानी बी लागतंच की," यमनाप्पा म्हणाले.

अंबिकानं आकडा भरला. पडद्यावर यादी हलली. चौदाचे अडतीस झाले.

आणि मग तिनं ते केलं, जे केलं नसतं तर बरं झालं असतं. मागच्या तीन दिवसांचे आकडे तिनं नव्या वेगानं पुन्हा काढून पाहिले. शाळेमागच्या गल्लीत एक माणूस होता. पहिल्या दिवशी त्याचा आशांक पंधरा होता, काल शून्य झाला. नव्या वेगानं पहिल्या दिवशी तो एक्केचाळीस निघाला.

तिनं ते बापाला सांगितलं. सांगितल्याशिवाय ती तंबूबाहेर पडूच शकली नसती.

यमनाप्पांनी पहार उचलली, परत ठेवली. "त्याचं वझं हाईच," ते म्हणाले. "म्या बी गप पानी वाहत हुतो, घसा तानून सांगाया पायजे हुतं. दोगं मिळून वाहू. आता चल, म्हातारी वाट बगतीया."

*

दगड फोडणं सोपं असतं. ढीग सोडवणं ही वेगळी विद्या. कुठला दगड कुणाच्या जिवावर उभा आहे हे आधी ओळखायचं आणि मग ज्याच्यावर कुणीच उभं नाही त्याला पहिला हात लावायचा. यमनाप्पा पहारीचं एक टोक दगडावर टेकवायचे, दुसरं कानाशी, आणि दुर्गाप्पाला खूण करायचे. तो हलकी टिचकी मारायचा. दगड खण्ण म्हणाला तर अखंड, भद्द म्हणाला तर आतून फुटलेला. भद्द दगडाला धक्का लावायचा नाही.

दुपारपर्यंत वरची चार पाती निघाली, उलट्या अंगानं, सकाळी म्हणाले होते तशी. हास्मिक आणि तिच्या गल्लीतली माणसं रांग करून तुकडे मागं देत होती. गुलाबी धूळ सगळ्यांच्या पापण्यांवर बसली होती.

जाळीतून नीट ऐकू येत नाही म्हणून यमनाप्पा ती खाली ओढायचे. अंबिका तंबूतून धावत यायची, जाळी वर करायची, परत जायची. चौथ्यांदा आली तेव्हा परत गेलीच नाही.

आठव्या तासाला ते खोकायला लागले. खोकला थांबेना. दोन हात गुडघ्यांवर टेकून ते वाकले, तेव्हा दुर्गाप्पानं घण खाली ठेवला आणि सगळी टोळी थांबली.

"थांबू नगा," यमनाप्पा म्हणाले. "अंबे, हिकडं ये. कान लाव."

"मला काय कळतंय, आप्पा."

"खानीत वाढलीस न्हवं? पाळन्यात असताना घनाच्या आवाजावर झोपायचीस. लाव."

तिनं पहार कानाशी धरली. दुर्गाप्पानं टिचकी मारली. पहिल्यांदा तिला नुसता आवाज ऐकू आला. दुसऱ्यांदाही. यमनाप्पा बसल्या जागेवरून, श्वास गोळा करत, डोळे मिटून होते.

"खण्ण," ती म्हणाली.

"पुना ऐक."

तिनं ऐकलं. खण्ण होतं, पण त्याच्या शेपटाला काहीतरी सैल लोंबत होतं. "भद्द," ती म्हणाली. "कडेला भद्द आहे. डाव्या."

यमनाप्पांनी डोळे उघडले. "मग उजवीकडनं काढा."

पुढचे तीन तास असेच गेले. ती ऐकायची, सांगायची. ते मान हलवायचे किंवा नाही हलवायचे. अकराव्या तासाला एक मोठं पातं सरकलं आणि खालून ऊब आली, राखेचा आणि करपलेल्या पिठाचा वास आला. भट्टीच्या खोलीचं छत एका कोनावर टेकून उभं राहिलं होतं. त्या कोनात एक म्हातारी पाय पोटाशी घेऊन बसली होती. डोक्यावर पांढरा रुमाल, मांडीवर पाण्याची रिकामी कासांडी.

हास्मिक आडवी पडून आत हात घालत होती. म्हातारीनं डोळे किलकिले केले आणि काहीतरी पुटपुटली. अंबिकाच्या कानातल्या दुभाष्याची मराठी फार पुस्तकी होती; तो म्हणाला, "कणकेची काय व्यवस्था झाली?"

अंबिकानं ते मोठ्यानं सांगितलं. ढिगावरची सगळी माणसं हसली आणि रडली, कोण कुठल्या भाषेत ते कळायला मार्ग नव्हता. हास्मिकनं धुळीनं माखलेल्या यमनाप्पांचा हात धरला, कपाळाला लावला, आणि सोडलाच नाही.

*

अंबिकाच्या हातातला पडदा वाजला. यंत्राला हसणं-रडणं नसतं. जीव निघाला की ते पुढचं वाचतं. गट सहा, चर्चच्या उतारावरचा ढीग. आशांक चव्वेचाळीस.

यमनाप्पांनी तिच्या चेहऱ्यावरून ओळखलं आणि उठायला लागले. उठताना दोनदा बसले.

अंबिकानं तब्येतीचा रकाना उघडला आणि त्यात खरं लिहिलं. मिरजेच्या डॉक्टरनं जे सांगितलं होतं ते सगळं, शब्दन् शब्द. यंत्रानं क्षणात यमनाप्पा विटकरांना बाद केलं. गट सहा, माणसं पाच, मेस्त्री नाही. चव्वेचाळीसचे एकतीस झाले.

यमनाप्पा पडद्याकडं बघत राहिले. तिकडं उताराखाली कुणीतरी होतं, त्याला काही माहीत नव्हतं.

"खोड ते," ते म्हणाले.

"नाही."

"अंबे."

"खोडणार नाही, आप्पा. पुन्हा एकदा खोटं लिहिणार नाही, तुमच्यासाठी नाही आणि तुमच्याबद्दल तर नाहीच." तिनं गळ्यातलं पथकाचं ओळखपत्र काढलं आणि पडदा सावंतांच्या हातात दिला. "सर, यावर दुसरं कुणीतरी बसवा. गट सहामध्ये सहावी मी. माझा वेग मोजा."

"तुझा?" सावंत म्हणाले. "तू कधी दगडाला हात लावलास?"

"दहावीपर्यंत सुट्टीत रोज. आणि आप्पा वर खुर्चीत बसून सांगतील, जाळी बांधून, वाऱ्याच्या वरच्या अंगाला. मोजून तर बघा. पस्तीस झालं तर जाऊ."

सावंतांनी टोळीकडं पाहिलं. दुर्गाप्पानं स्वतःचा घण पुढं केला. दांड्यावर घामाचा ओला पट्टा होता. रस्त्याकडेला दुसरा एक दगड पडलेला होता, मघाच्या म्हशीचं रेडकू म्हणावं एवढा. हास्मिकनं कुठूनशी एक खुर्ची आणली, यमनाप्पांना खांद्याला धरून तीत बसवलं आणि त्यांच्या तोंडावरची जाळी स्वतः नीट केली.

अंबिकानं दगडाभोवती फेरी मारली. पाणी ओतलं. कान लावला. एक रेघ ओढली, पुसली, दुसरी ओढली आणि बापाकडं पाहिलं. बापानं मान हलवली. सावंतांनी घड्याळ सुरू केलं.

तिनं घण उचलला. तो तिच्या आठवणीपेक्षा जड होता. पहिला घाव पाचरीच्या कडेवर घसरला आणि दगडाचा नुसता कोपरा उडाला. खुर्चीतून आवाज आला.

"हसू नका, आप्पा."

"हासत न्हाई," यमनाप्पा म्हणाले, "खोकतोय. कमरंतनं मार, खांद्यातनं नगं. हं, दुसरा."